युक्तिवादाचे प्रात्यक्षिक हवे: मराठी अभ्यास मंडळांना खुले पत्र

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांचे अध्यक्ष आणि सदस्य यांस,



आपल्या मंडळांनी आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला अर्ज, बातमी, जाहिरातीचा मसुदा, उताऱ्याचा सारांश असे बरेच काही लिहायला शिकवले जाते. व्यावहारिक मराठी, उपयोजित मराठी अशा नावांच्या या पेपरांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचा पुढे पोटापाण्याला उपयोग होतो. तक्रार आहे ती राहून गेलेल्या गोष्टीबद्दल. एक भूमिका घ्यायची, तिच्यामागची कारणे आणि पुरावे मांडायचे, उलट बाजूचे म्हणणे तिलाही मान्य होईल अशा शब्दांत सांगायचे आणि ज्याला आपले पटत नाही त्या वाचकाला निदान थांबून विचार करायला लावायचे, हे लेखन पदवीच्या सगळ्या वर्षांत बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. मग एम.ए.ला लघुशोधप्रबंध समोर येतो आणि विद्यार्थी दहा पुस्तकांतले उतारे एकाखाली एक लावून मोकळा होतो. त्यात त्याचे स्वतःचे म्हणणे काय, हे मार्गदर्शकाने विचारले तर तो गोंधळतो. बहुतेकदा कोणी विचारत नाही.

मी ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमाचे स्वाध्याय तपासते. संस्थेचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण चित्र सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. पटवून देणारे अभ्यासपूर्ण लेखन व्याख्यान ऐकून येत नाही. आपण लिहिलेल्याला कोणी लेखी उत्तर दिले, त्या उत्तरापुढे आपले वाक्य टिकले नाही आणि ते पुन्हा लिहावे लागले, तरच ते येते. या देवाणघेवाणीला ऑनलाइन वर्ग चार भिंतींच्या वर्गापेक्षा जास्त सोयीचा आहे. आणि ऑनलाइन शिक्षणातली नेमकी हीच सोय आपण वापरायची सोडून दिली आहे.

आमच्याकडे येणारा विद्यार्थी कोऱ्या पाटीचा नसतो. शाळेची सगळी वर्षे त्याने निबंध लिहिलेले असतात. पावसाळ्यातला एक दिवस, फाटक्या पुस्तकाचे मनोगत, मी मुख्यमंत्री झालो तर. वैचारिक निबंध म्हणून जे येते ते ‘विज्ञान: शाप की वरदान’. आता या शीर्षकात वाद उघड आहे, पण उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले: अर्धे पान फायदे, अर्धे पान तोटे आणि शेवटी, सगळे वापरणाऱ्याच्या हातात आहे. सुरुवातीला कवितेच्या दोन ओळी आणि मध्ये एक सुविचार पेरला की झाले. अशा निबंधात परीक्षकाला बोट ठेवायला जागा सापडत नाही, म्हणून गुण मिळतात. विद्यार्थी यातून दोन गोष्टी पक्क्या शिकतो. बाजू घेणे धोक्याचे असते, आणि भाषा नटलेली असली की म्हणणे नसले तरी चालते. हीच मुले चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत कडाडून भांडतात. मते त्यांना आहेत, फक्त ती कागदावर आणायची असतात हे कोणी सांगितलेले नसते.

एक उदाहरण जरा विस्ताराने देते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले होते. नंदुरबार जिल्ह्यातले तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातले पानशेत ही ठिकाणे नमुना म्हणून पुढे केली गेली. गावोगाव त्याची चर्चा झाली. या विषयावर लिहा म्हटले की पहिला खर्डा साधारण असा येतो: शिक्षण हा प्रत्येकाचा जन्मसिद्ध हक्क आहे, थोर पुरुषांनी शिक्षणासाठी हालअपेष्टा सोसल्या, शासनाने गोरगरिबांच्या लेकरांवर हा अन्याय करू नये. वाचताना मान डोलते. पण हाच कागद प्रस्ताव मागवणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा. तो म्हणेल, अगदी खरे आहे, शिक्षण हक्कच आहे, म्हणून तर मी या मुलांना मोठी आणि चांगली शाळा देतो आहे. आठशे शब्दांच्या निबंधातली एकही ओळ त्याच्या वाटेत येत नाही.

समासात मी एवढेच लिहिते: ‘अधिकारी असे म्हणाला तर?’

दुसऱ्या खर्ड्याची अट एकच असते. आधी अधिकाऱ्याची बाजू लिहायची, आणि ती अशी लिहायची की वाचून त्याने म्हणावे, मलाही हे इतके नीट मांडता आले नसते. विद्यार्थ्यांना हा परिच्छेद जड जातो. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो आहोत असे त्यांना वाटते. तरी लिहू लागले की गोष्टी दिसायला लागतात. आठ मुले चार इयत्तांत, शिक्षक एक किंवा दोन, त्यातला एक कायम कुठल्या तरी सर्वेक्षणावर गेलेला. कबड्डीला संघ जमत नाही. मोठ्या शाळेत ग्रंथालय असू शकते, चित्रकलेला शिक्षक असू शकतो. हे सगळे खरे आहे आणि आपल्या बाजूला गैरसोयीचे आहे. इथून पुढे विद्यार्थी कारणे शोधायला लागतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, आणि त्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतरात शाळा असावी असे धरले आहे, हे त्याला सापडते. मग तो आपल्या वाडीपासूनचे अंतर मोजतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मध्ये ओढा असतो, हे लिहितो. गाडी देणार म्हणतात, पण गाडी बंद पडली त्या दिवशी सातवीतल्या मुलीला घरी ठेवले जाईल की पाठवले जाईल, असा प्रश्न विचारतो.

तिसऱ्या खर्ड्यापर्यंत मूळ विधान आक्रसलेले असते. ‘कमी पटाची एकही शाळा बंद करू नये’ इथून तो ‘जिथे पावसाळ्यात वाट अडते तिथे पहिली ते पाचवीची शाळा वाडीतच राहावी, त्यापुढच्या वर्गांसाठी समूह शाळा चालेल, पण वाहनाची लेखी हमी आधी मिळावी’ इथवर येतो. विधान लहान झाले, आवाज उतरला, पण आता अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. लेखन पटवून देणारे होते ते इथे. हे मला एखाद्या व्हिडिओत सांगता आले असते आणि विद्यार्थ्याने वहीत उतरवूनही घेतले असते, तरी त्याचा पहिला खर्डा तसाच आला असता.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. दोन्ही बाजूंना पटाचा आकडा मान्य आहे. आकडा आठ आहे, यावर भांडण नाही. भांडण आहे ते ‘आठ मुले’ इथपासून ‘शाळा बंद’ इथपर्यंत जाताना मध्ये जे गृहीत धरले जाते त्यावर. एका बाजूचे गृहीत असे की थोड्या मुलांत शिक्षण धड होत नाही. दुसऱ्या बाजूचे असे की लहान मुलाची शाळा त्याला चालत जाता येईल अशीच हवी. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली ‘द यूझेस ऑफ आर्ग्युमेंट’ या पुस्तकात युक्तिवादाची जी फोड केली, तिच्यात विधान आणि पुरावा यांना जोडणाऱ्या या न बोललेल्या दुव्याला वेगळे स्थान दिले. जगभरच्या लेखनवर्गांत ती फोड आज वापरली जाते. आपले विद्यार्थी पुराव्यावर पुरावे रचत जातात आणि हा दुवा मोकळाच ठेवतात. विरोधक तिथेच घाव घालतो.

हे परक्यांचे शास्त्र आहे असे कोणी म्हणू नये. न्यायदर्शनातले पंचावयवी वाक्य आपल्यापैकी अनेकांनी कधीतरी वाचले असेल: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. ‘उदाहरण’ या अवयवात नुसता दाखला नसतो, त्याबरोबर धूर आणि अग्नी यांचा सर्वसाधारण संबंधही सांगावा लागतो. टूलमिन यांनी जो दुवा म्हटला तो जवळपास हाच. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्ताकडे जायचे नाही, ही शिस्त तर आपल्या शास्त्रग्रंथांत इतकी मुरलेली की चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ हरवले तरी त्यांचे म्हणणे आपल्याला त्यांच्या विरोधकांच्या पोथ्यांतून कळते. ते पूर्वपक्ष नेहमी प्रामाणिकच होते असे मी म्हणणार नाही. पण मांडणे भाग होते, एवढे तरी खरे. याच परंपरेने सत्य शोधण्यासाठीचा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प आणि नुसते खोडून काढण्यासाठीची वितंडा असा भेद केला. संध्याकाळी वाहिन्यांवर चालते ते यातले काय, हे सांगायची गरज नाही.

आणि मराठीत? तुमच्याच अभ्यासक्रमात ही माणसे आहेत, फक्त आपण ती साहित्याचा इतिहास म्हणून शिकवतो. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली ती सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांत स्त्रियांवर जे लिहून येत होते त्याला उत्तर म्हणून. स्त्रियांवर लादलेला एकेक दोष घेऊन तो पुरुषांना लावून बघायचा, ही त्या पुस्तकाची युक्ती आहे. विद्यार्थ्याला प्रकाशनाचे साल पाठ असते, युक्ती दाखवता येत नाही. महात्मा फुल्यांनी १८८५ च्या ग्रंथकार सभेला न येण्याची कारणे रानड्यांना पत्राने कळवली. ते पत्र आपण बाणेदारपणाचा नमुना म्हणून वाचतो. नकाराची कारणे कशी रचली आहेत, ते वाचत नाही. डॉ. आंबेडकरांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ इंग्रजीत आहे, तरी त्याच्या १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीइतका चांगला वस्तुपाठ मला दुसरा माहीत नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केल्यामुळे १९३६ मध्ये ते भाषण पुस्तकरूपाने आले. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. पुढच्या आवृत्तीत आंबेडकरांनी गांधीजींची टीका छापली आणि मग तिला उत्तर दिले. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत आपल्या पुस्तकात छापायला स्वतःच्या मांडणीवर किती विश्वास लागतो, हे एकदा वर्गात बोलायला हवे.

आता ऑनलाइन अभ्यासक्रमांकडे वळते. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांप्रमाणे एका सत्रातल्या चाळीस टक्क्यांपर्यंतचे विषय तिथून घेता येतात. म्हणजे हा आता कडेचा मामला राहिलेला नाही. ‘स्वयम्’च्या आराखड्यात चार अंगे आहेत: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. कागदावर चौथे अंग बाकीच्यांच्या तोडीचे आहे. प्रत्यक्षात ऑनलाइन वर्गांतली चर्चेची जागा परीक्षेचा अर्ज कधी सुटणार हे विचारायला वापरली जाते. मूल्यमापनाचा मोठा भाग बहुपर्यायी, कारण ते यंत्राला तपासता येते. युक्तिवादात पुराव्याचे स्थान कोणते, अ, ब, क की ड? या प्रश्नाचे बरोबर उत्तर देणारा विद्यार्थी पुढच्याच आठवड्यात एकही पुरावा नसलेला निबंध पाठवतो. दोन्हीचे गुण त्याला मिळतात.

आणि इथे तर लेखन शिकवण्यासाठी मागून मिळणार नाही अशी परिस्थिती आयती तयार आहे. ऐंशी जणांच्या वर्गात, पाऊण तासाच्या तासिकेत, पुढच्या बाकावरचे चौघे बोलतात. ऑनलाइन वर्गात सगळे लिहूनच बोलतात. तालुक्याच्या गावची, मुले झोपल्यावर लिहायला बसणारी बाई आणि रात्रपाळी करून आलेला पोलीस शिपाई यांना पुढच्या बाकावरच्या मुलाइतकीच जागा मिळते. प्रत्येक खर्डा जपून राहतो, शेरा थेट त्या त्या वाक्याला चिकटवता येतो, आधी काय लिहिले होते आणि आता काय, हे शेजारी ठेवून बघता येते. सर्वांत मोठा फायदा विरोधकाचा. रत्नागिरीच्या वाडीवरच्या विद्यार्थ्याला गडचिरोलीची विद्यार्थिनी उत्तर देऊ शकते. तिच्या गावाला आश्रमशाळेचा अनुभव असतो, आणि लहान मूल घरापासून दूर शिकणे म्हणजे काय, हे ती त्याला माझ्यापेक्षा चांगले सांगते.

अडचणी आहेत. आमचे बहुतेक विद्यार्थी फोनवर लिहितात, अनेकजण बोलून टंकन करतात. बोटभर पडद्यावर अख्खा निबंध एका नजरेत कधीच दिसत नाही, म्हणून तिसऱ्या परिच्छेदातला मुद्दा सहाव्यात पुन्हा येतो. त्यावर उपाय साधा आहे: निबंधाआधी प्रत्येक परिच्छेदाचे एक वाक्य पाठवायचे. सात वाक्ये फोनवर मावतात, आणि त्यांचा क्रम चुकला तर तिथेच कळतो. बोलून लिहिण्याचा उलट फायदाही होतो. ‘सदर बाब निदर्शनास येते’ अशी भाषा तोंडातून येत नाही.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या डेनिस कोमर यांनी २०१३ मध्ये ‘कोर्सेरा’वर इंग्रजी लेखनाचा खुला अभ्यासक्रम चालवला. त्यात विद्यार्थी चार मोठे लेख लिहीत, त्यांचे खर्डे एकमेकांना वाचायला देत आणि अभिप्राय पाहून सुधारत. शेवटचा लेख वर्तमानपत्री मतलेखाच्या वळणाचा होता. पर्ड्यू विद्यापीठाने तर १९९० च्या दशकापासून लेखनाचे मार्गदर्शन इंटरनेटवर सर्वांसाठी खुले ठेवले आहे, आणि आपल्याकडचे इंग्रजीतून शोधनिबंध लिहिणारेही ते वापरतात. मराठीत युक्तिवाद कसा रचावा, संदर्भ कसा द्यावा, दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत कसे सांगावे, यासाठी विद्यार्थ्याला कुठे पाठवावे? माझ्याकडे पत्ता नाही.

आता आक्षेप. पहिला तुमच्या बैठकीत नक्की येईल: एवढे खर्डे वाचणार कोण? हिशेब करू. तीस विद्यार्थ्यांची तुकडी, प्रत्येकाचे तीन खर्डे, म्हणजे नव्वद. एकाला पंधरा मिनिटे धरली तर साडेबावीस तास होतात. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला आपण तीस तास देतोच. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोणी शंभर मुले एकदम सोडत नाही. तुकड्या पाडतात, सहाय्यक असतो, आणि त्याबद्दल कोणी कुरकुरत नाही. लेखन हे प्रात्यक्षिक आहे असे एकदा मान्य केले की वेळेची आणि मानधनाची तरतूद त्याच नियमांत बसवता येते. आज स्वाध्याय तपासणाऱ्याला मिळणारा मोबदला इतका तुटपुंजा असतो की बरोबरच्या खुणेपलीकडे तो काही लिहीत नाही, आणि त्याला दोष देणे मला जमणार नाही. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे खर्डे वाचण्याने भार हलका होतो, पण त्यांना वाचायला शिकवावे लागते. नाहीतर ‘खूप छान लिहिले आहे, असेच लिहीत राहा’ याच्या पुढे गाडी जात नाही. ‘या निबंधातले कोणते वाक्य मला पटले नाही आणि का’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मागितले तर अभिप्राय कामाचे येतात.

दुसरा आक्षेप चॅट-जीपीटीचा. नोव्हेंबर २०२२ नंतर घरून लिहून आणायला सांगण्यात अर्थ उरला नाही, असे अनेक प्राध्यापक मानतात. मला उलटे वाटते. अर्धे पान फायदे, अर्धे पान तोटे आणि गुळगुळीत समारोप, हा निबंध यंत्र काही सेकंदांत लिहून देते. तोच आपण मुलांकडून घोकून घेत होतो. तो आता परीक्षेला ठेवण्यात खरोखर अर्थ नाही. पण वाडीपासून शाळेपर्यंतची वाट यंत्राने चाललेली नाही. पुरावा विद्यार्थ्याच्या गावातला मागा, तिन्ही खर्डे मागा, आणि शेवटी दहा मिनिटे व्हिडिओवर बोलावून त्याच्याच निबंधावर त्याला उलट प्रश्न करा. ज्याने लिहिले नाही तो दुसऱ्या प्रश्नाला थांबतो. यंत्राने लिहिलेले ओळखून देण्याचा दावा करणाऱ्या सॉफ्टवेअरवर मात्र विसंबू नका, ती निर्दोष विद्यार्थ्यालाही गुन्हेगार ठरवतात. विरोधी बाजू शोधायला विद्यार्थ्याने यंत्राची मदत घेतली आणि तसे सांगितले, तर माझी हरकत नाही.

वाङ्मयचौर्याबद्दलही एक शब्द. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि विद्यार्थ्यांनी त्याचा अर्थ असा लावला की दहा टक्क्यांच्या आत असले म्हणजे प्रामाणिक. संदर्भ दिला जातो तो शंका घेणाऱ्या वाचकाला स्वतः पडताळून पाहता यावे म्हणून, हे आपण त्यांना सांगितलेलेच नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी जे लढले त्यांनी घोषणांवर भागवले नव्हते. पुरावे गोळा करून, शंका घेणाऱ्यांना उत्तरे देत, एक अहवाल उभा करावा लागला होता. तसे लिहिणारी पुढची माणसे कुठे तयार होणार आहेत?

म्हणून माझी विनंती अशी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार भारतीय भाषांसाठी जे क्षमता संवर्धनाचे श्रेयांक ठेवले आहेत, त्यांतला एक तरी पेपर युक्तिवादी लेखनाचा असावा आणि तो प्रात्यक्षिक म्हणून नोंदवावा. त्याची ऑनलाइन आवृत्ती करताना व्हिडिओ कमीत कमी ठेवावेत, बहुपर्यायी चाचणी काढून टाकावी, आणि निम्म्याहून अधिक गुण खर्ड्यांतल्या बदलाला आणि विरोधी बाजूच्या मांडणीला द्यावेत. तुकडी तीसच्या वर जाऊ देऊ नये. आपण शिफारस केल्याशिवाय विद्या परिषदेपुढे हा विषय जाणार नाही, म्हणून हे पत्र मंत्र्यांना किंवा कुलगुरूंना न लिहिता आपल्याला लिहिले आहे. पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा. प्रस्ताव अमान्य झाला तर नकार लेखी द्यावा आणि त्यामागची कारणे सविस्तर लिहावीत. मी ती माझ्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीन आणि त्यांना उत्तर लिहायला सांगेन.

कळावे,
आपली,
ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमाची एक स्वाध्याय-तपासनीस